बाळाचं सामान आणि एक मोकळा हात

कळव्यात राहणाऱ्या माणसाला सामान या विषयावर ठाम मतं असतात. ती त्याने कुठून वाचलेली नसतात, स्टेशनच्या जिन्याने शिकवलेली असतात. आमच्याकडे फास्ट लोकल थांबत नाही, स्लोची वाट पाहायची, आणि ती आली की काही सेकंदांत जे काय आत घालायचं ते घालायचं. पाठीला सॅक असेल तर ती डब्यात शिरण्याआधी पोटावर घ्यायची, हा तर इथला बालवाडीतला धडा. त्यामुळे "प्रवासासाठी बाळाचं काय काय घ्यावं" या प्रश्नाचं जे उत्तर न्यू जर्सीत बरोबर असतं, ते कळव्यात बरोबर असेलच असं नाही.

हा विषय निघायचं कारण म्हणजे लेकीचे पणजोबा. वय वर्षं 91, मुक्काम चिपळूणजवळचं गाव. लेक नऊ महिन्यांची झाली तरी त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. फोनवर दिसायची, पण त्यांना फोनवर दिसतं ते "पाहिलं" या सदरात मोडत नाही. नवरोबांना रजा नव्हती. सासूबाई यायला तयार होत्या, पण त्यांचे गुडघे असे की जिना चढताना त्यांनाच हात द्यावा लागतो. म्हणजे एक बाळ, एक सासूबाई आणि सामान, सगळं माझ्याच भरवशावर. नवऱ्याने विचारलं, "मी नसताना कशी जाणारेस?" प्रश्न काळजीचा होता, मला मान्य आहे. पण तो ऐकल्यावर लक्षात आलं की याचं उत्तर मला वस्तूंच्या भाषेतच द्यावं लागणार आहे. कशी जाणार म्हणजे नक्की काय काय घेऊन जाणार?

मग सल्ले सुरू झाले. (मंडळी, तुम्हाला काय सांगायचं!) नणंदेने दिवाळीला येताना एक स्ट्रोलर आणला होता. अगदी सुबक, एका हाताने मिटणारा, विमानात वरच्या कप्प्यात मावणारा. "वहिनी, याच्याशिवाय आम्ही घराबाहेर पाऊल टाकत नाही," ती म्हणाली. आणि दुसऱ्या टोकाला सासूबाई : "आम्ही काय नेत होतो गं? दोन दुपटी, एक बोंडलं आणि जुनी नऊवारी."

गंमत अशी की दोघीही खरं बोलत होत्या.

नणंदेच्या स्ट्रोलरची गोष्ट आधी सांगते, कारण ती मला फार आवडली. हा छत्रीसारखा मिटणारा बाबागाडीचा प्रकार मूळ ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज माणसाचा. हा विमानांचा इंजिनियर, स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. त्याची मुलगी नातीला घेऊन प्रवास करायची तेव्हा त्या काळच्या अवजड प्रॅमने तिची दमछाक व्हायची. आजोबांनी विचार केला की विमान उडताना चाकं पोटात मिटून घेतं, तर बाबागाडी का नाही मिटू शकणार? 1965 साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि 1967 मध्ये ती गाडी बाजारात आली. अॅल्युमिनियमची, वजन जेमतेम पावणेतीन किलो. एका आजोबांनी नातीसाठी केलेली वस्तू आहे ही, त्यामुळे तिच्याबद्दल वाईट बोलवत नाही.

पण चाक म्हटलं की त्याला रस्ता लागतो. आमच्या इमारतीतून स्टेशनपर्यंत रिक्षा, मग भाजीवाल्यांच्या मधून वाट, मग जिना, मग पूल, मग पुन्हा जिना. या सगळ्यात चाकं टेकतील अशी सलग जागा मोजली तर फार तर प्लॅटफॉर्मवरची. बाकी वेळ आठ किलोंचं बाळ एका हातात आणि साडेसहा किलोंची गाडी दुसऱ्या हातात. म्हणजे गाडीने बाळाला न्यायचं की मी गाडीला? आमच्या सोसायटीच्या आवारात तो स्ट्रोलर रोज संध्याकाळी फिरतो आणि लेक त्यात महाराणीसारखी बसते. नणंदबाई, वाचत असशील तर कळावं, तुझी भेट वाया गेलेली नाही. फक्त ती आवाराची वस्तू आहे, जिन्याची नव्हे.

आता सासूबाईंची नऊवारी. झोळीची कल्पना आपल्याकडे कुणी शोधली असं विचारायची सोयच नाही. शेताच्या बांधावर बाभळीला झोळी, ऊसतोडीच्या तळावर झोळी, आमच्या इथे नवा टॉवर उभा राहतोय तिथेही बांबूंना झोळी बांधलेली दिसते. जुनी साडी मऊ असते, हलकी असते, रात्री धुतली की सकाळी वाळते, आणि तीच पांघरूण, तीच चादर, तीच दूध पाजताना आडोसा. एका वस्तूचे पाच उपयोग, याला म्हणतात पोर्टेबल! कोकणच्या गाडीत दोन बाकांवरच्या सामानाच्या रॅकना साडी बांधून आत बाळ झोपवलेलं तुम्हीही पाहिलं असेल. (साडी रॅकलाच बांधायची हं, धोक्याच्या साखळीला नव्हे.)

झोळीची अडचण एकच, ती बसल्या जागेची वस्तू आहे. अंगाला साडी बांधून बाळ नेण्याची कला आदिवासी बायकांना, रस्त्यावर काम करणाऱ्या मजूर बायकांना अजून येते, पण आमच्या घरात ती कधीच विसरली गेली. सासूबाईंनाही येत नाही. इथे मला अॅन मूर आठवते. ही अमेरिकन नर्स 1960 च्या दशकात पीस कोअरच्या कामासाठी आफ्रिकेत टोगोला गेली. तिथल्या आया बाळाला पाठीला बांधून दिवसभर कामं करतात आणि बाळं शांत असतात हे तिने पाहिलं. परत आल्यावर स्वतःच्या मुलीला तसं बांधायला गेली तर बाळ घसरायला लागलं. मग तिने आपल्या आईला पट्टे असलेली पिशवी शिवायला सांगितली. तिचं पेटंट 1969 सालचं. आज दुकानात बेबी कॅरियर म्हणून जे मिळतं त्याच्या पूर्वजांपैकी ही एक. म्हणजे ज्यांना बांधता येत नाही त्यांच्यासाठी केलेली झोळी! माझ्यासारखीसाठीच.

आपल्याकडे बाळ पाठीला बांधण्याचं सगळ्यात प्रसिद्ध चित्र अर्थातच झाशीच्या राणीचं. लहानपणापासून ते पुतळ्यात आणि पुस्तकात पाहतो. हिशेब केला तर गंमत वाटते. दामोदररावाला 1853 मध्ये दत्तक घेतलं तेव्हाच तो पाचेक वर्षांच्या आसपासचा, म्हणजे 1858 मध्ये झाशी सोडताना आठ-नऊ वर्षांचा असणार. आजकालच्या कॅरियरवर वजनाची मर्यादा छापलेली असते, साधारण पंधरा-वीस किलोंची. लक्ष्मीबाईंनी ती कधीच ओलांडली असती. असो, विषयांतर झालं.

तर कॅरियर. खारेगावच्या मैत्रिणीकडून तिचा आठवडाभरासाठी उसना आणला आणि घरातल्या घरात घालून फिरले. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं : विकत घेण्याआधी कुणाचा तरी घालून बघा. बाळ आत असताना जिना चढा, खाली पडलेली चप्पल उचला, तिकीट काढायला पर्स उघडा. दुकानात आरशासमोर सगळेच छान दिसतात.

निवडताना काय बघायचं ते थोडक्यात. बाळाच्या मांड्यांना गुडघ्यापर्यंत कापडाचा आधार हवा, गुडघे कुल्ल्यांपेक्षा किंचित वर, म्हणजे पाय इंग्रजी एम अक्षरासारखे दिसले पाहिजेत. नुसतं मधोमध अरुंद पट्टी आणि पाय लोंबकळताहेत, असं नको. खुब्याच्या सांध्याच्या वाढीसाठी ते बरं नाही. बाळ घट्ट बसलेलं हवं, चेहरा सतत आपल्याला दिसला पाहिजे, मान वाकवली तर त्याच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे, हनुवटी छातीवर टेकलेली नको आणि पाठीला आधार हवा. ब्रिटनमध्ये हे पाच नियम आद्याक्षरं जुळवून पाठच करायला लावतात. त्यातला हनुवटीचा नियम सगळ्यात महत्त्वाचा, कारण अगदी लहान बाळाची मान पुढे पडली तर श्वासाची वाट दबते. 2010 साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने पिशवीसारख्या स्लिंगबद्दल इशारा दिला तो याचसाठी, आणि चार महिन्यांखालच्या बाळांबाबत विशेष काळजी घ्यायला सांगितलं. म्हणून गर्दीत चेहऱ्यावर ओढणी टाकून "झोपलंय, झोपू दे" म्हणायचं नाही. ओढणी बाजूला करून बघायचं.

आणि लोकलमध्ये बाळ पुढेच. पाठीवरचं बाळ गर्दीत दिसत नाही, त्याचा हात कुठे अडकतोय ते कळत नाही. पुढे असलं की आपली दोन कोपरं हे त्याचं कुंपण.

इथे कळव्याचा खास प्रश्न उभा राहतो. लोकलमध्ये सॅक पोटावर घ्यायची, पण पोटावर तर बाळ. मग सॅक कुठे? पाठीवर ठेवली तर मागची बाई बोलणार, आणि तिचं काही चुकत नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारातले प्रवासी खाली पडले, काहींचे जीव गेले. तेव्हा पाठीवरच्या बॅगांचीही चर्चा झाली होती. आम्ही रोज त्याच वळणावरून जाणारी माणसं, आमच्यासाठी बॅग किती फुगलेली आहे हा सौंदर्याचा प्रश्न नाही. म्हणून मी ठरवलं की सॅकच नको. खांद्याला एकच कापडी पिशवी, तोंडाला चेन असलेली, भरून पाच किलोंच्या वर नाही. आठवड्याची भाजी आणतो तेवढीच. आणि या सगळ्यानंतर एक हात पूर्ण मोकळा राहिला पाहिजे. तो सासूबाईंसाठी.

हा मोकळा हात माझी कसोटी झाली. प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारायचं : ही घेतल्यावर हात मोकळा राहतो का?

घडीचा प्रवासी पाळणा, वजन दहा किलो. नाही राहत. शिवाय गावी माजघरात तुळईला कड्या आहेत आणि माळ्यावर शिसवी पाळणा आहे, त्यात सासरे झोपलेत, नवरोबा झोपलेत. तो सोडून आपण इथून प्लॅस्टिकचा न्यायचा म्हणजे पणजोबांचा अपमानच.

स्टरिलायझर. नाही. त्याऐवजी मोठा थर्मास, वाटी आणि चमचा. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा असं बालरोगतज्ज्ञही सांगतात, कारण तो घासून, उकळून पटकन स्वच्छ होतो. बाटलीच्या बुचात नि खाचाखोचांत काय राहिलंय ते दिसत नाही. सासूबाईंचं चांदीचं बोंडलं याच जातीचं. डब्यातल्या चार्जिंगच्या सॉकेटला विजेची किटली लावायला रेल्वेची मनाई आहे, तेव्हा गरम पाणी घरूनच न्यायचं. पावडरचं दूध देत असाल तर पाणी निदान 70 अंश गरम असताना कालवायचं आणि मग कोमट करून द्यायचं, म्हणून थर्मास चांगला हवा. लेक अजून अंगावर पिते, त्यामुळे माझं काम सोपं. आणि वरच्या खाण्याला केळी. स्वतःच्या वेष्टनात येणारं, न सांडणारं, चमच्याने खरवडता येणारं दुसरं काही मला तरी माहीत नाही.

लंगोट की डायपर, यावर आमच्याकडे युद्ध होता होता वाचलं. तोडगा असा की प्रवासात डायपर, गावी लंगोट. पण डायपरबरोबर जास्तीच्या पिशव्या हव्यातच. रेल्वेच्या डब्यांना आता बायोटॉयलेट आहेत, त्यात डायपर टाकला की ते तुंबतं आणि मग पुढच्या सगळ्या स्टेशनांवरच्या बायकांचे हाल. आपला कचरा आपल्या पिशवीत, उतरल्यावर कचरापेटीत.

आणि एक वस्तू मी हौसेने घेतली, जांभळी नाक्याला : छत्रीसारखी उघडणारी, खालून कापड असलेली बाळाची मच्छरदाणी. कोकणात डास, मुंग्या आणि बाकीची मंडळी कुठून येतील सांगता येत नाही. वजन पाव-अर्धा किलो, मिटवली की पिशवीत मावते. हात मोकळा राहतो.

कारने जाणाऱ्यांसाठी मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. तिथे मोकळ्या हाताची कसोटी लावायची नाही. कारमध्ये मांडीवरचं बाळ सुरक्षित नसतं, आपण कितीही घट्ट धरलं तरी. जोरात ब्रेक लागला तर हात पुरत नाहीत. अमेरिकेत टेनेसी राज्याने 1978 मध्येच कारसीट सक्तीची केली, हळूहळू सगळ्या राज्यांनी केली. आपल्या कायद्यातही 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाला पट्टा किंवा कारसीट न लावल्यास हजार रुपये दंड आहे. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने बांधायचं, हेल्मेट घालायचं आणि ताशी 40 किलोमीटरच्या वर जायचं नाही, हा नियम फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. कळव्याच्या पुलावर बघितलं तर बाळ पेट्रोलच्या टाकीवर बसलेलं दिसतं, ते सोडा. मुंबई-गोवा हायवेने गाडी काढणार असाल तर बाकी सगळं घरी ठेवा, कारसीट ठेवू नका. ती न्यायची नव्हती, हेही एक कारण होतं मी रेल्वे निवडण्याचं.

रेल्वेनेही एकदा बाळांचा विचार केला होता. मे 2022 मध्ये, मातृदिनाच्या सुमाराला, लखनौ मेलच्या एका थ्री टियर एसी डब्यात खालच्या बर्थला जोडलेले मिटणारे बेबी बर्थ बसवून पाहिले. पाऊण मीटर लांबीची छोटी फळी, बाजूला कठडा. प्रवाशांनी कौतुक केलं, पण सामानाची जागा आणि पाय ठेवायची जागा कमी होते अशी अडचण निघाली, तसं सरकारने संसदेत सांगितलंही. मला ते वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. बाळ की सामान, हा प्रश्न शेवटी तिथेही आलाच.

तर यंदाच्या माघात आम्ही गेलो. कळव्याहून कोकणात जाताना दोन वाटा असतात, ठाण्याला मागे जाऊन मोठी गाडी पकडायची किंवा मुंब्रा ओलांडून दिव्याला जाऊन सावंतवाडीची गाडी. मी दिवा निवडलं. सकाळी गर्दी मुंबईकडे जाणारी, आम्ही उलट्या दिशेने, म्हणून लोकल रिकामी. गाडी दिव्यालाच सुटते, त्यामुळे चढायला घाई नाही. आणि परत येताना संध्याकाळी पुन्हा उलटी दिशा. बाळाच्या प्रवासातली सगळ्यात हलकी वस्तू म्हणजे वेळापत्रक, हे कुठल्याच दुकानदाराने मला सांगितलं नव्हतं.

कॅरियरबद्दल एक गोष्ट मात्र प्रवासातच कळली. पेणच्या पुढे शेजारच्या बाकावरच्या काकू म्हणाल्या, "दे गं इकडे तिला, तू दोन घास खा." आणि मी पट्टे सोडत बसले, एक बकल, दुसरं बकल. तोवर काकूंनी हात पुढे करून ठेवले होते. साडीत किंवा मांडीवर असलेलं बाळ असं चटकन या हातातून त्या हातात जातं. मी आठवडाभर विचार करून असं सामान जमवलं होतं की ज्यात मला कुणाचीही गरज पडू नये. ते गरजेचंच होतं, पुलावर आणि जिन्यावर तर नक्कीच. पण गाडी सुरू झाल्यावर गरज पडायला काय हरकत आहे? उरलेला प्रवास कॅरियर रॅकवर होता. लेक तीन बाकांवर फिरून आली, एका मुलाच्या वहीवर लाळ गाळून आली, आणि मग सासूबाईंच्या नऊवारीच्या झोळीत झोपली ती थेट चिपळूण येईपर्यंत.

पणजोबांनी तिला पाळण्यात घालायला सांगितलं आणि दोरी स्वतः धरली. हात थरथरत होता, त्यामुळे पाळणा आपोआपच हलत होता. तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "एकटी आणलीस ना हिला? मग पुढच्या वेळी पण आण." नवरोबांना हे जसंच्या तसं कळवलं आहे.

कुणाला यादी हवी असेल तर : कॅरियर, जुनी साडी, मच्छरदाणी, थर्मास, वाटी-चमचा, डायपर आणि रिकाम्या पिशव्या, दोन दुपटी, चार झबली, टोपडं, औषधांचा छोटा डबा, केळी. एकूण वजन चार किलो आठशे ग्रॅम, आमच्या भाजीवाल्याच्या काट्यावर. तुम्ही काय नेता तेही सांगा. आणि तुमच्याकडे अंगाला साडी बांधून बाळ नेता येणारी कुणी आजी-मावशी असेल तर तिचा पत्ता जरूर द्या, मला शिकायचंय.